सव्वा इंचाचा फरक

बँकेत ३५ वर्षे काढलेल्या माणसाला फरकाची एक धास्ती असते. संगणक यायच्या आधीच्या दिवसांत शाखेतली सगळी खाती रोज संध्याकाळी जुळवावी लागत. एका रुपयाचा फरक आला, तरी तो सापडेपर्यंत कोणी घरी जायचे नाही, असा दंडक होता. नवा लागलेला एखादा कारकून वैतागून म्हणे, "साहेब, माझ्या खिशातला रुपया टाकतो, पण जाऊ द्या आता." त्याला समजवावे लागे, की बाबा रे, प्रश्न रुपयाचा नाही. जमेच्या बाजूला दहा हजारांची एक चूक आणि नावेच्या बाजूला ९,९९९ रुपयांची दुसरी चूक, अशा दोन चुका त्या एका रुपयाच्या पोटात दडून बसलेल्या असू शकतात. फरक लहान दिसतो, म्हणून चूक लहान असते असे नाही.

हे वाक्य मी किती जणांना ऐकवले असेल याची गणती नाही. आणि तरीही माझ्याच घरात सव्वा इंचाचा फरक आला, तेव्हा तो मला दिसला नाही. ही त्याचीच हकिकत आहे.

माझा नातू, म्हणजे मुलीचा मुलगा, अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी पुण्यात आमच्याकडे राहतो. मुलगी आणि जावई नाशिकला. नातवाचे नाव इथे देत नाही. "लिहा, पण नाव घालू नका," ही त्याची अट आहे. दोन वर्षांपूर्वी तो १९ वर्षांचा होता. परीक्षा संपली आणि त्याने जिम लावली. आमच्या गल्लीत पूर्वी पिठाची गिरणी होती, तिथे आता जिम आहे. सकाळी तासभर तिथे वजने उचलायची, आणि संध्याकाळी नदीपात्रात ढोल-ताशा पथकाच्या सरावाला जायचे. गणपती महिन्यावर आलेले. पथकात त्याच्याकडे ध्वज होता. ज्यांनी लक्ष्मी रस्त्यावर उभे राहून मिरवणूक पाहिली आहे, त्यांना ठाऊक असेल, की तो उंच बांबू आणि त्यावरचे भगवे कापड वाऱ्याच्या विरुद्ध नाचवणे हे येरागबाळ्याचे काम नाही. हात सतत डोक्याच्या वर. आणि सकाळी जिममध्येही नेमका तोच प्रकार, खांद्यावरून वर वजन रेटण्याचा.

मला त्याचे कौतुक वाटे. माझे कॉलेज कोल्हापुरात झाले. सत्तरच्या दशकात त्या गावात राहून तालमीत न जाणारा मुलगा विरळाच. कुस्ती मला कधी जमली नाही, पण हौदातली लाल माती उकरणे, जोर-बैठका मारणे आणि खासबागेत कुस्त्या बघणे हे सगळे मी मनापासून केले. तेव्हा नातवाने दंड फुगवून दाखवला, की माझीच छाती फुगे.

एके दिवशी रात्री तो जेवायला बसला आणि म्हणाला, "आजोबा, उजवा हात जड झालाय. भरून आल्यासारखा वाटतोय."

मी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणालो, "अंग मोडून आलं म्हणजे व्यायाम लागू पडला, असं आमचे वस्ताद सांगायचे."

दुसऱ्या दिवशी त्याने बनियन घालून आरशात पाहिले आणि मला हाक मारली. उजव्या खांद्यावरून छातीवर निळसर शिरांचे जाळे उमटले होते. तो खूश होता. जिममध्ये म्हणे शिरा दिसू लागणे हे कमावलेल्या शरीराचे लक्षण. मीही खूश झालो. डाव्या बाजूला एकही शीर का दिसत नाही, हा प्रश्न आम्हा दोघांपैकी एकालाही पडला नाही.

तिसऱ्या दिवशी मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा बसेना. बोटे किंचित निळी दिसू लागली. जवळच्या एका डॉक्टरांना दाखवले. त्यांनी स्नायू आखडल्याचे सांगून चोळायला मलम आणि वेदनाशामक गोळ्या दिल्या. त्यांना मी दोष देत नाही. सुदृढ तरुण मुलगा, नव्याने सुरू केलेला व्यायाम, आणि शेजारी "काही नाही हो, तालमीत असं होतंच" म्हणून सांगणारा आजोबा. माझ्या त्या वाक्याने त्यांनाही निर्धास्त केले असेल.

सहाव्या दिवशी पथकाचा पांढरा कुर्ता शिवून आला. उजवी बाही दंडात अडकली. आमची ही शिवणकाम जाणणारी. शिंप्याला बोल लावत तिने यंत्राच्या खणातून मापाची टेप काढली. डावा दंड पावणेबारा इंच, उजवा तेरा. तिने पुन्हा मोजले. मग स्वयंपाकघराच्या दारातून मला हाक आली.

"अहो, इकडे या जरा. ह्याचे दोन दंड दोन माणसांचे आहेत का?"

मी काहीतरी उजव्या हाताच्या सवयीबद्दल बोलू लागलो. तिने टेप गुंडाळली आणि म्हणाली, "तुमच्या बँकेत रुपयाचा फरक आला तर रात्री नऊपर्यंत बसायचात. इथे सव्वा इंचाचा आलाय." संध्याकाळी आम्ही रुग्णालयात होतो.

डॉपलर सोनोग्राफी झाली. रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सक असलेल्या डॉक्टरबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी पडद्यावर दाखवले: काखेतून गळ्याजवळच्या हाडाखाली जाणारी मोठी नीला रक्ताच्या गुठळीने बंद झाली होती. हातात रक्त धमनीने येत होते, पण परत जायची वाट अडली होती. म्हणून हात जड, फुगलेला, निळा. आणि छातीवरच्या ज्या शिरांचे आम्ही कौतुक केले, त्या होत्या हमरस्ता बंद पडल्यावर वाहतुकीने धरलेल्या आडवाटा.

"गुठळी पायात होते, म्हाताऱ्यांना होते, असं ऐकलं होतं," मी म्हणालो.

"काका, ही तरुणांचीच गुठळी आहे," त्या म्हणाल्या. "तीही धडधाकट तरुणांची."

मग त्यांनी समजावून सांगितले ते असे. गळ्याजवळचे आडवे हाड आणि त्याच्या खालची पहिली बरगडी यांच्यामध्ये एक अरुंद जागा असते. दाराच्या बिजागरीजवळची फट असते ना, तशी. हाताची मुख्य नीला त्या फटीच्या पुढच्या कोपऱ्यातून जाते. हात डोक्यावर नेला की फट मिटते, खाली आणला की उघडते. काही जणांची फट मुळातच अरुंद असते. त्यात व्यायामाने तिथले छोटे स्नायू जाड झाले, आणि दिवसातून शेकडो वेळा हात वर-खाली झाला, की नीला पुन्हा पुन्हा चेमटते. आतले अस्तर दुखावते, त्यावर वण धरतो, वाट आणखी अरुंद होते आणि एक दिवस तिथे रक्त गोठते. या गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला, तर प्राणावर बेतू शकते. तसे झाले नाही तरी वेळेवर उपचार न मिळाल्यास हाताचे जडपण आणि सूज कायमची सोबतीला राहू शकते.

या दुखण्याला पॅजेट-श्रोटर असे दोन माणसांचे नाव आहे. लंडनचे शल्यचिकित्सक जेम्स पॅजेट यांनी १८७५ मध्ये असा सुजलेला हात वर्णन केला. व्हिएन्नाच्या लिओपोल्ड फॉन श्रोटर यांनी १८८४ मध्ये त्याचे कारण नीलेतली गुठळी असल्याचे सांगितले. पुढे १९४९ मध्ये ह्यूज नावाच्या शल्यचिकित्सकांनी तोवर प्रसिद्ध झालेल्या ३२० रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या आणि दोघांची नावे जोडून या दुखण्याचे बारसे केले. साध्या भाषेत त्याला श्रमाची गुठळी म्हणता येईल. पोहणारे, कुस्तीगीर, वजन उचलणारे, चेंडू फेकणारे, हात वर करून रंगकाम करणारे, अशांना ती गाठते. पाश्चात्त्य देशांतल्या हिशेबाप्रमाणे लाखात वर्षाला एक किंवा दोन. हे प्रमाण नगण्य वाटेल. पण पाच लाख वस्तीच्या शहरात तेवढ्या हिशेबाने वर्षाला पाच ते दहा जण होतात, आणि त्यांतले बहुतेक कोणाचे तरी विशीतले मूल असते.

गेल्या काही वर्षांत हे दुखणे बातम्यांतही आले. अमेरिकेतला व्यावसायिक बास्केटबॉलपटू ब्रँडन इन्ग्रम याच्या उजव्या हातात मार्च २०१९ मध्ये अशी गुठळी सापडली, तेव्हा तो २१ वर्षांचा होता. शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्या मोसमात तो खेळला. फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हिक्टर वेम्बन्यामा या सव्वासात फुटांहून उंच फ्रेंच खेळाडूच्या उजव्या खांद्यात गुठळी निघाली. तोही २१ वर्षांचाच. त्याचा तो मोसम तिथेच संपला, पण पुढच्या मोसमात तो मैदानात परतला. या दोघांच्या भोवती वैद्यांचा ताफा होता. आपल्या मुलांच्या भोवती आपण असतो.

आणि ताफा असूनही ऐकणारा कोणी नसेल, तर काय होते, त्याचे उदाहरण जे. आर. रिचर्ड यांचे आहे. ह्यूस्टनच्या संघातले हे बेसबॉलचे गोलंदाज सहा फूट आठ इंच उंच. १९८० च्या मोसमात ते सांगू लागले, की हात मेल्यासारखा होतो. वर्तमानपत्रांनी त्यांना आळशी ठरवले, सोंग म्हटले. जुलैमध्ये तपासणीत हाताच्या धमनीत अडथळा दिसला, तरी तो गंभीर मानला गेला नाही. ३० जुलै १९८० रोजी सराव करताना ते मैदानावर कोसळले. मेंदूला झटका आला होता. वय अवघे ३०. पुढे निष्पन्न झाले ते हेच, की गळ्याच्या हाडाजवळच्या त्याच अरुंद भागात त्यांची धमनी दाबली जात होती. पहिल्या श्रेणीच्या सामन्यात ते पुन्हा कधी खेळले नाहीत. १९९४ साली तर त्यांच्यावर ह्यूस्टनमधल्या एका पुलाखाली राहण्याची वेळ आली. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्याच्या हाताला जगाने टाळ्या वाजवल्या, त्याच्या तक्रारीवर मात्र कोणी विश्वास ठेवला नाही.

रुग्णालयाच्या बाकावर बसून मला जे कळत गेले, त्यात या गुठळीची आणखी भावंडेही होती. अकरा ते सोळा वर्षांच्या मुलांच्या दंडाच्या हाडाला वरच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते. तिथूनच हाड लांब होते. रोज शेकडो वेळा चेंडू फेकणाऱ्या मुलात ती कूर्चा ताणली जाऊन रुंदावते. डॉटर नावाच्या डॉक्टरांनी १९५३ मध्ये हे प्रथम नोंदवले, तेही बेसबॉल खेळणाऱ्या मुलात. उपाय एकच, सुमारे तीन महिने फेक बंद. अमेरिकेतल्या मुलांच्या लिटल लीग संघटनेने २००७ पासून वयाप्रमाणे दिवसाला किती चेंडू टाकायचे याची मर्यादाच घालून दिली. आपल्याकडे उन्हाळी शिबिरात पहाटेपासून चेंडू फेकणाऱ्या मुलाचे चेंडू कोण मोजते?

दुसरे भावंड खवाट्याचे. छातीच्या कडेने उतरणारी एक लांब नस असते. जड ओझे खांद्याला काचले, किंवा व्यायामात ती ताणली गेली, की तिच्या ताब्यातला स्नायू लुळा पडतो. मग मुलाने भिंतीला तळवे टेकून जोर लावला, की पाठीचा खवाटा पाखराच्या पंखासारखा बाहेर येतो. दुखणे थोडे आणि हात वर जाईना, अशी तक्रार असते. नस सावरायला महिनोन्‌महिने लागतात.

तिसरे सर्वांत धोक्याचे. पहिल्याच दिवशी अतोनात जोर काढले किंवा लोंबकळून हनुवटी दांड्याला लावण्याचा प्रकार दमेपर्यंत केला, की स्नायूंचे तंतू फुटून त्यांतला मजकूर रक्तात उतरतो. दंड दगडासारखे कडक होतात, कोपर सरळ होत नाही आणि लघवी काळ्या चहाच्या रंगाची होते. मूत्रपिंडे निकामी होण्याची भीती असते. ऑगस्ट २०१० मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात, मॅकमिनव्हिल या गावी, शाळकरी फुटबॉलपटूंच्या शिबिरात मुलांकडून गरम खोलीत जोर आणि खुर्चीला टेकून दंड घालण्याचा व्यायाम भराभर करून घेतला गेला. अनेक मुले रुग्णालयात गेली, आणि तिघांच्या दंडाच्या मागच्या स्नायूंवर, आत साचलेला दाब उतरवण्यासाठी, शस्त्रक्रिया करावी लागली.

हे वाचून कोणी मुलांची जिम बंद करू नये. व्यायामाने मोडलेल्यांपेक्षा व्यायामाविना मोडलेले कितीतरी जास्त आहेत, हे माझ्या पिढीची मधुमेही बैठक पाहिली की कळते. व्यायामानंतरचे साधे दुखणेही वेगळे ओळखता येते. ते दुसऱ्या दिवशी सुरू होते, दोन-तीन दिवस राहते, आठवड्यात ओसरते, आणि बहुधा दोन्ही बाजूंना सारखे असते. खात्याच्या दोन्ही बाजू जुळतात म्हणा ना! एकच हात सुजला, एकाच हाताचा रंग बदलला, एकाच खांद्यावर शिरा उमटल्या, एकाच हातातले बळ गेले, तर मात्र तो दिवस मलमावर काढू नये.

मला आता तालमीतले वस्तादही वेगळे आठवतात. "अंग मोडून आलं म्हणजे लागू पडलं" हे त्यांचे वाक्य मी पन्नास वर्षे जपले. पण नवा मुलगा आला, की पहिले कित्येक दिवस ते त्याला फक्त हौदा उकरायला लावत. जोर वाढवायचे ते पाच-पाचने. कोणी ईर्ष्येने जास्त मारले, तर पाठीत धपाटा बसे. आणि रोज आंघोळीआधी प्रत्येकाच्या अंगाला त्यांचा हात लागायचा, चोळायच्या निमित्ताने. त्या हाताला कोणाचा खांदा चढलाय ते कळत असणार. वाक्य तेवढे माझ्या लक्षात राहिले आणि तो हात मी विसरलो.

त्या रात्री नातवाच्या दंडाच्या शिरेतून बारीक नळी गुठळीपर्यंत नेली आणि ती विरघळवणारे औषध थेंबाथेंबाने सोडले. हा उपाय पहिल्या दोन आठवड्यांत केला तरच चांगला लागू पडतो, असे बाईंनी सांगितले. मी मनातल्या मनात तारखा मोजल्या. सहा दिवस आम्ही घालवले होते. तेवढ्यात मुलीचा फोन आला. "बाबा, तो तुमच्याकडे आहे म्हणून मी निर्धास्त होते," एवढेच ती म्हणाली. ती रागाने बोलली नव्हती, म्हणून ते जास्त लागले.

गुठळी विरघळली. पाच आठवड्यांनी काखेतून छेद घेऊन पहिली बरगडी काढली, म्हणजे फटीची एक बाजूच दूर केली. लगेच शस्त्रक्रिया करावी की थांबावे, याबद्दल डॉक्टरांत मतभेद आहेत. आम्ही दोघांना विचारून ठरवले. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या काही महिने चालल्या. त्या वर्षी त्याने मिरवणूक दूरदर्शनवर पाहिली. ध्वज आला की तो उठून आत जाई.

एकदा औषधाची वेळ झाली म्हणून मी पाणी घेऊन गेलो. त्याने विचारले, "आजोबा, मी सांगितलं तेव्हा तुम्हाला खरंच काही वाटलं नाही?"

"वाटलं," मी म्हणालो. "पण माझं तरुणपण आठवलं, आणि तुझा हात बघायचा राहिला."

तो हसला. मला हसता आले नाही.

आता तो पुन्हा व्यायाम करतो, हलका आणि मोजून. गेल्या गणपतीत पथकात परतला, पण ध्वज दुसऱ्याकडे दिला आणि स्वतः झांज घेतली. सरावाला आलेल्या नव्या मुलांना तो मध्येच थांबवतो, हात खाली सोडायला लावतो आणि दोन्ही तळवे शेजारी शेजारी धरून दाखवायला सांगतो. मुले त्याची थट्टा करतात. तो करून घेतो.

आज रविवार. आपल्या घरचा जिमला जाणारा मुलगा किंवा मुलगी जेवायला घरी असेल. तो म्हणाला, हात दुखतोय, तर त्याला आपल्या काळाच्या गोष्टी सांगण्याआधी एक करा. दोन्ही बाह्या वर करायला सांगा आणि दोन्ही हात एकत्र बघा. मापाची टेप घरात असतेच.